गाईच्या दुधाचा दर पावडरीच्या पोत्यात का अडकतो?

२०२३ च्या सुरुवातीला नगर, पुणे, सोलापूर, सातारा या पट्ट्यात गाईच्या दुधाला लिटरमागे ३५ ते ३८ रुपये मिळत होते. त्याच वर्षी दिवाळीनंतर दर २५ ते २७ रुपयांवर आला. गाय तीच, गोठा तोच, वैरण उलट महागलेली. पुण्या-मुंबईत सकाळी दारात पडणाऱ्या पिशवीचा छापील दर मात्र पन्नाशीच्या पुढे होता, तो काही त्या प्रमाणात उतरला नाही.

याचं एका शब्दातलं उत्तर गावच्या पारावर तयार असतं: लूट. लूट अजिबात होत नाही असं मी म्हणणार नाही, मापात आणि मशिनीत ती होते आणि त्याबद्दल पुढे लिहिलंच आहे. पण वर्षभरात लिटरमागे दहा रुपये कोसळतात ते एवढ्याने नाही. त्यामागे दूध पावडर आणि बटर यांच्या भावाचा एक सरळ हिशेब आहे. तो एकदा डोक्यात बसला की वर्तमानपत्रातली दूधदराची प्रत्येक बातमी वेगळ्या नजरेने वाचता येते. तो हिशेब दूध उत्पादकालाच कुणी नीट सांगत नाही, याची मला खंत वाटते.

आधी हे दूध इथे आलं कसं, ते थोडक्यात. १९४९ मध्ये मुंबईतले तबेले शहराबाहेर हलवून गोरेगावला आरे वसाहत उभी राहिली. दारा खुरोडी हे त्या योजनेमागचे अधिकारी. १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर त्यांनाही मिळाला, हे आज महाराष्ट्रातही फारसं कुणाला आठवत नाही. पुढे मुंबईची भूक भागवायला गावागावातून दूध उचलणं सुरू झालं. १९६३ मध्ये कोल्हापूर जिल्हा दूध संघ, म्हणजे आजचं गोकुळ, स्थापन झालं. वारणेला तात्यासाहेब कोरे यांनी साखरेच्या जोडीला दूध आणलं. १९६७ मध्ये राज्याचा महासंघ झाला, तोच महानंद. १९७० पासून ऑपरेशन फ्लड या देशव्यापी दूध योजनेने मुंबईसारखी महानगरं ग्रामीण दूधपट्ट्यांशी जोडली. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळीकांचनला बाएफ ही संस्था सुरू केली आणि तिच्या माणसांनी गोठवलेलं वीर्य घेऊन दारोदारी जाऊन कृत्रिम रेतन केलं. वेताला जेमतेम काही शे लिटर देणाऱ्या गावरान गाईच्या जागी दिवसाला दहा, पंधरा, वीस लिटर देणारी संकरित एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) आणि जर्सी गाय गोठ्यात आली ती अशी.

नगर, फलटण, इंदापूर, माढा, सांगोला अशा कमी पावसाच्या भागात दूध का रुजलं, हे तिथल्या माणसाला सांगावं लागत नाही. उसाचं बिल वर्ष-दीड वर्षाने येतं, तेही कारखान्याच्या सवडीने. कांद्याचं काय होईल ते कांद्यालाही ठाऊक नसतं. दुधाचा पगार मात्र दर दहा दिवसांनी होतो. त्यातून किराणा, शाळेची फी, बचत गटाचा हप्ता, दवाखाना भागतो. गोठ्यातलं निम्म्याहून जास्त काम बाई करते, पहाटे पाचची धार तिचीच असते, आणि दूध संस्थेच्या पुस्तकात नाव बहुतेक वेळा पुरुषाचं असतं. दुधाच्या मागे आणखी किती पोटं आहेत तेही पाहा: पेंडीचा दुकानदार, मुरघास, म्हणजे मुरवलेला हिरवा चारा, करून विकणारा, रेतन करणारा, जनावरांचा डॉक्टर, कॅन वाहणारा टेम्पोवाला, टँकरचा चालक, बाजारातला व्यापारी. दर दहा रुपयांनी पडला की या सगळ्यांची उधारी एकाच महिन्यात वाढते. तालुक्याच्या बाजारपेठेचा चेहरा बघून दुधाचा दर सांगणारी माणसं आहेत, आणि ती फारशी चुकत नाहीत.

फॅट आणि एसएनएफ

दूध विकलं जातं लिटरवर, पण पैसे मिळतात त्यातल्या घन पदार्थांचे. दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असतं. उरलेल्यात एक भाग स्निग्धांश, म्हणजे फॅट. दुसरा भाग म्हणजे प्रथिनं, दुग्धशर्करा आणि खनिजं मिळून एसएनएफ. गाईच्या दुधाचा दर महाराष्ट्रात ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून जाहीर होतो. म्हणजे '३० रुपये दर' ही बातमी फक्त ३.५/८.५ बसणाऱ्या दुधासाठी खरी असते.

दशांश एकचा फरक म्हणजे एक पॉइंट. समजा दर ३० रुपये आहे आणि तुमच्या दुधाला फॅट ३.४ लागली, एसएनएफ ८.३ बसलं. फॅटचा एक पॉइंट गेला, एसएनएफचे दोन. पॉइंटला ३० पैसे कपात असेल तर लिटरमागे ९० पैसे कमी होतील. पण एसएनएफच्या पॉइंटला एक रुपया कापणारी डेअरी असेल तर तेच दूध २ रुपये ३० पैशांनी खाली येतं. दिवसाला २० लिटर दूध घालणाऱ्याचा दहा दिवसांच्या पगारात पहिल्या ठिकाणी १८० रुपयांचा फटका, दुसऱ्या ठिकाणी ४६० चा. जाहीर दर दोन्हीकडे तोच. म्हणून दोन डेअऱ्यांची तुलना करताना जाहीर दर विचारून भागत नाही, दरपत्रक मागून घ्यावं लागतं.

एसएनएफ कमी का बसतं? कधी जनावराला पुरेशी ऊर्जा मिळत नाही, नुसत्या उसाच्या वाढ्यावर गाय उभी असते. कधी उन्हाळा असतो, एचएफ गाय मुळात थंड मुलखातली, पारा चढला की खाणं कमी करते आणि दुधाचा कस उतरतो. कधी कासदाह, ज्याला आपल्याकडे दगडी म्हणतात, तो वरून दिसत नाही पण आत असतो. आणि कधी गाईत काहीच बिघाड नसतो, बिघाड मशिनीत असतो. पूर्वी फॅट काढायला गर्बर पद्धत असायची, आम्ल टाकून नळी फिरवायची, वेळ लागायचा. आता दूध तपासणारं यंत्र मिनिटभरात आकडा देतं. पण ते आकडा बरोबर दाखवतं का याची तपासणी कोण करतं आणि कधी करतं, याची नोंद दूध उत्पादकाला क्वचितच दाखवली जाते. काट्याचंही तेच. ज्या काट्यावर आकडा १०० मिलीच्या पटीतच येतो आणि वरचं धरलंच जात नाही, तिथे एका वेळेला ९० मिलीपर्यंत दूध फुकट जाऊ शकतं, आणि दूध दिवसातून दोनदा घालायचं असतं. गावातली दहा घरं संस्थेत एकत्र जाऊन बसली तर हे दोन प्रश्न तालुक्याच्या पातळीवर सुटू शकतात. दराचा प्रश्न मात्र तिथे सुटत नाही.

डेअरीत गेल्यावर दुधाचं काय होतं

गावातून दूध बल्क कूलरवर येतं, तिथे ते ४ अंशांपर्यंत थंड करतात आणि टँकरने मोठ्या प्रकल्पाकडे धाडतात. तिथे पाश्चरायझेशन होतं, म्हणजे दूध ७२ अंशांवर १५ सेकंद तापवून लगेच थंड करतात. त्याआधी किंवा त्याबरोबर एक महत्त्वाचं काम होतं, त्याकडे ग्राहकाचं लक्ष नसतं: प्रमाणीकरण. क्रीम सेपरेटरमध्ये दूध वेगाने फिरवून साय वेगळी काढतात आणि मग पाहिजे तेवढीच परत मिसळतात. नियमाने टोन्ड दुधात फॅट ३ टक्के आणि एसएनएफ ८.५ लागतं, डबल टोन्डमध्ये दीड आणि ९, फुल क्रीममध्ये ६ आणि ९. ३.५ फॅटचं गाईचं दूध टोन्ड म्हणून विकलं की अर्धा टक्का फॅट डेअरीकडे उरते. तिचं लोणी होतं, तूप होतं. यात फसवणूक नाही, पिशवीवर तसं छापलेलं असतं. धंद्याचं गणित कुठे फिरतं ते कळावं म्हणून सांगितलं.

आता खरी अडचण. शहर रोज जेवढं दूध पितं ते जवळजवळ ठरलेलं असतं. गाय मात्र मागणी बघून दूध देत नाही. पावसाळा सरला, हिरवा चारा मुबलक झाला, म्हशी व्याल्या की ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत दुधाचा पूर येतो. धंद्यात याला पुष्टकाळ म्हणतात. उन्हाळ्यात उलटं, दूध आटतं आणि ताक, लस्सी, आइस्क्रीममुळे मागणी वाढते. ऊस काही दिवस रानात उभा ठेवता येतो, कांदा चाळीत ठेवता येतो. दूध काही तासांत नासतं. म्हणून पिशवीत आणि दह्या-पनीरात न खपलेलं दूध वाळवावं लागतं. साय काढून त्याचं बटर करायचं, उरलेलं दूध आटवून गरम हवेच्या मनोऱ्यात तुषारासारखं उडवायचं, म्हणजे पाणी उडून जातं आणि खाली पावडर पडते. २५ किलोच्या पोत्यात भरून ती वर्षभर ठेवता येते. पश्चिम महाराष्ट्रात असे पावडरीचे प्रकल्प मोठ्या संख्येने आहेत. गाईच्या दुधाचा जो पूर इथे येतो तो सामावून घेण्याची ताकद त्यांच्यातच आहे.

आणि इथेच दर ठरतो.

हिशेब करून पाहा

३.५/८.५ चं १०० लिटर गाईचं दूध घ्या. त्यातून साधारण ८.७५ किलो पावडर आणि ४.३ किलो बटर निघतं. २०२३ च्या सुरुवातीला पावडर किलोला ३१५ रुपयांच्या आणि गाईचं बटर ४२५ रुपयांच्या घरात होतं. ८.७५ गुणिले ३१५ म्हणजे २,७५६ रुपये. ४.३ गुणिले ४२५ म्हणजे १,८२८ रुपये. बेरीज ४,५८४. लिटरला जवळजवळ ४६ रुपये. त्यातून संकलन, वाहतूक, वीज, वाफ, पॅकिंग, व्याज वजा करा. तरी शेतकऱ्याला ३६-३८ देऊन डेअरी फायद्यात राहते.

२०२४ च्या मध्यावर पावडर २०० च्या आणि बटर ३४० च्या आसपास आलं. १,७५० अधिक १,४६२, एकूण ३,२१२ रुपये. लिटरला ३२. खर्च काहीच उतरलेला नाही. तो वजा केल्यावर हातात राहतात २५ ते २७.

एवढंच. पावडर किलोला दहा रुपयांनी उतरली की दुधाच्या लिटरमागे तब्बल ८७ पैसे जातात. बटर दहा रुपयांनी उतरलं की आणखी ४३ पैसे. हे दोन आकडे कुठल्याही दूध उत्पादकाने पाठ करावेत असे आहेत.

मग वाचणारा विचारेल, सगळं दूध थोडंच पावडरीत जातं? पिशवीत जाणाऱ्या दुधाला तर चांगला भाव आहे, त्याचे पैसे कुठे गेले? प्रश्न रास्त आहे. टँकरमध्ये दूध एकत्र होतं, तुमचं कुठलं पिशवीत गेलं आणि कुठलं पावडरीत, याचा हिशेब वेगळा राहत नाही. डेअरी सगळ्या दुधाला एकच दर देते, आणि तो ठरवताना बघते की शेवटच्या न खपलेल्या लिटरचे किती पैसे येतील. पावडरीत ३२ रुपये येत असताना ३५ ला दूध घ्यायला शेजारची डेअरी तयार नसते, म्हणून तुमचीही नसते. पिशवीवर मिळालेला जास्तीचा पैसा मग ज्याच्याकडे ब्रँड आहे त्याच्याकडे थांबतो. ज्याच्याकडे स्वतःची पिशवीच नाही, फक्त दूध गोळा करून मोठ्या डेअरीला किंवा पावडर प्रकल्पाला पुरवतो, त्याच्याकडे तो येतच नाही. आणि आपल्याकडे असे संकलक भरपूर आहेत.

दूध संघ आणि खासगी डेअरी यांत फरक पडतो तो याच ठिकाणी. संघात वर्षाच्या शेवटी उरलेला पैसा सभासदाचा असतो. कोल्हापूरला दिवाळीच्या तोंडावर गोकुळ जो दूध दर फरक वाटतं तो हाच. गोकुळचं आणखी एक बळ म्हणजे म्हशीचं दूध. म्हशीचं दूध फुल क्रीम, दही, पेढे, बासुंदी यांत खपून जातं, ते पावडरीच्या तोंडी फारसं जात नाही. त्यामुळे पावडर कोसळली तरी कोल्हापूरच्या म्हैसवाल्याला नगरच्या गाईवाल्याएवढा हादरा बसत नाही. एकाच राज्यात, तीनशे-साडेतीनशे किलोमीटरच्या अंतरावर, एकाच पदार्थाच्या दोन वेगळ्या अर्थव्यवस्था आहेत.

गुजरातशी तुलना नेहमी होते. ती करावी, पण पूर्ण करावी. तिथे जिल्हा संघांनी १९७३ मध्ये एकत्र येऊन एकाच ब्रँडखाली विक्री सुरू केली. ग्राहकाच्या रुपयातले ८० पैशांहून जास्त उत्पादकाला जातात असं अमूल सांगते. आपल्याकडे जिल्ह्याचा संघ वेगळा, तालुक्याचा वेगळा, नेत्यागणिक ब्रँड वेगळा. पुण्याच्या एका दुकानाच्या फ्रिजमध्ये सात-आठ नावांच्या पिशव्या, आणि त्या एकमेकींशीच भांडतात, दुकानदाराला जास्त कमिशन देऊन. महानंदने सगळ्यांना एका नावाखाली आणायचं होतं, ते झालं नाही. २०२४ मध्ये महानंदचं व्यवस्थापनच राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाकडे (एनडीडीबी) सोपवावं लागलं. १९९१ मध्ये दूधप्रक्रियेवरचा परवाना उठला आणि २००२ मध्ये अमुक पट्टा अमुक डेअरीचा ही अटही गेली, तेव्हा खासगी भांडवल महाराष्ट्रात इतक्या वेगाने आलं त्याचं कारण संघांनी जागा मोकळी सोडली होती. त्या खासगी डेअऱ्यांनी चीज, व्हे प्रथिनं, निर्यात यात खरी गुंतवणूक केली आहे. २०१९ मध्ये श्रीरामपूरच्या प्रभातचा दूधधंदा फ्रान्सच्या लॅक्टॅलिसने घेतला, तो इथलं संकलन बघूनच. राग धरून हे नाकारण्यात अर्थ नाही.

सरकारने काय केलं

जून २०१७ मध्ये शेतकरी संपात रस्त्यावर दूध ओतलं गेलं. जुलै २०१८ मध्ये राजू शेट्टी यांच्या स्वाभिमानी शेतकरी संघटनेने मुंबईचं दूध अडवलं, तेव्हा २५ रुपये दर आणि त्यासाठी लिटरमागे ५ रुपये अनुदान असा तोडगा निघाला. २०२० च्या टाळेबंदीत हॉटेलं आणि मिठाईची दुकानं बंद पडली, तेव्हा सरकारने रोज १० लाख लिटर दूध २५ रुपयांनी उचलून त्याची पावडर करायचं ठरवलं. जुलै २०२३ मध्ये ३.५/८.५ दुधाला किमान ३४ रुपये दर जाहीर झाला. तो काही महिनेही टिकला नाही, कारण पावडर तोवर घसरायला लागली होती. सहकारी संघांना सहकार कायद्याखाली आदेश देता येतो. खासगी डेअरीला अमुक दरानेच घे असं सांगणारा कायदा राज्याकडे नाही. आणि दूध मोठ्या प्रमाणात जातं खासगीकडे.

जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा ५ रुपये अनुदान आलं: डेअरीने २७ द्यायचे, सरकार ५ देणार. जुलैपासून ३० अधिक ५. ऑक्टोबरपासून २८ अधिक ७. तिन्ही आकड्यांत बघा, शेतकऱ्याचा दर ३२ किंवा ३५ झाला, पण ऑक्टोबरला डेअरीचा हिस्सा ३० वरून २८ वर उतरला आणि तो फरक सरकारी तिजोरीने भरला. अनुदानाने त्या महिन्यांत घरं तगली, हे खरं आणि मोलाचं आहे. पण दर जिथे ठरतो तिथे त्याने हात लावला नाही. २०२४ च्या जूनअखेर केंद्राने कमी शुल्कात १०,००० टन पावडर आयातीला परवानगी दिली. पावडरीचे साठे पडून असताना आलेली ती अधिसूचना बघून इथे संताप उसळला. एरवी त्या पावडरीवर ६० टक्के आयात शुल्क आहे. देशाच्या उत्पादनापुढे १०,००० टन म्हणजे काहीच नाही, पण पडत्या बाजारात तेवढी बातमीही व्यापाऱ्याला दर आणखी पाडायला पुरते.

गोठ्याच्या बाजूने

दर पडला की सल्ला मिळतो, खर्च कमी करा. कुठला? १२ लिटर दूध देणारी गाय घ्या. शरीर टिकवायला दीड किलो आणि दर अडीच लिटरला एक किलो, या हिशेबाने तिला दिवसाला सव्वासहा किलोच्या आसपास पेंड लागते. किलोला ३२ रुपये धरले तर २०० रुपये. दूध ३६ रुपयांनी गेलं तर ४३२ आले, पेंड वजा जाता २३२ उरले. २६ रुपयांनी गेलं तर ३१२ आले, उरले ११२. यातून मका, कडबा, मुरघास, औषध, वीज, पाणी, गाईच्या कर्जाचा हप्ता आणि माणसाची मजुरी. दर २८ टक्क्यांनी पडला, पण हातात राहणारा पैसा निम्म्याहून कमी झाला. म्हणून पहिली कपात पेंडीत होते. मग दूध घटतं, एसएनएफ घसरतं, गाय वेळेवर माजावर येत नाही, गाभण राहायला उशीर होतो आणि भाकड काळ वाढतो. चौदा महिन्यांनी व्यायला हवी ती अठरा महिन्यांनी विते. पुढच्या वर्षी दर वाढतो तेव्हा हिच्याकडे द्यायला दूध नसतं.

भाकड गाय आणि एचएफचा गोऱ्हा यांबद्दल उघडपणे बोललं जात नाही, पण हिशेबात ते आहेत. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे. कायद्यामागची भावना मोठी आहे, तिचा आदर आहे. पण ट्रॅक्टरच्या काळात एचएफच्या गोऱ्ह्याला शेतीत काम नाही, आणि दूध न देणाऱ्या गाईला रोज चारा लागतोच. जी गाय पूर्वी विकून नवी घ्यायला पैसे उभे राहत, ती आता खर्चाच्या बाजूला गेली. म्हशीला ही अडचण नाही. लिंगनिर्धारित वीर्याने कालवडीच जास्त जन्माला येतात, त्याचा उपयोग होतो आहे, तरी भाकड जनावराचा प्रश्न त्याने मिटत नाही. त्यात २०२२ सारखी लम्पीची साथ आली की ज्याच्याकडे दोनच गाई आहेत त्याचा अर्धा संसार एका आठवड्यात जातो. लम्पीमुळे दूध कमी झालं, आणि २०२३ च्या सुरुवातीला दर चढण्यामागे तेही एक कारण होतं.

पुढे काय

फॅटची मागणी आणखी एका बाजूने पोखरली जाते आहे. वनस्पती तेल आणि पावडर वापरून पनीरसारखा दिसणारा ॲनालॉग तयार होतो. त्याला पनीर म्हणून विकायला नियमाने बंदी आहे, तरी स्वस्त थाळीत तो पनीर म्हणूनच वाढला जातो. खऱ्या पनीरला किलोमागे पाच-सहा लिटर दूध लागतं. तेवढं दूध मग पावडरीच्या रांगेत जाऊन उभं राहतं. अन्न व औषध प्रशासनाने इथे सतत कारवाई केली तर ती दूध उत्पादकाला अनुदानाइतकीच उपयोगी पडेल असं माझं ठाम मत आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये पनीरवरचा जीएसटी शून्यावर आला आणि तूप, लोणी, चीजवरचा १२ वरून ५ टक्क्यांवर, हेही योग्य दिशेने झालं.

संघटनांची मोठी मागणी आहे उसासारखी एफआरपी, म्हणजे कायद्याने बांधलेला किमान दर, आणि नफ्यातला वाटा. मी त्या मागणीच्या बाजूचा आहे. पण उसाला ते जमलं त्यामागे एक व्यवस्था आहे: कारखान्याकडे शेतकऱ्याच्या नावाची, क्षेत्राची, टनांची नोंद असते, आणि साखरेचा उतारा तपासला जातो. खासगी डेअरीच्या पुस्तकात बहुतेकदा शेतकऱ्याचं नाव नसतं, संकलन केंद्रवाल्याचं असतं. ज्याची नोंदच नाही त्याला कायद्याने किती द्यायचे होते ते सिद्ध कसं करणार? २०२४ च्या अनुदानासाठी जनावराच्या कानात बिल्ला, त्याची ऑनलाइन नोंद आणि उत्पादकाच्या स्वतःच्या बँक खात्यात पैसे या अटी घातल्या गेल्या. त्याचा त्रास झाला, अनेकांचे पैसे त्यात अडकले. तरी उत्पादक कोण आणि त्याचं दूध किती, याची यादी त्यातूनच तयार होऊ लागली. अनुदान थांबलं तरी ती यादी थांबू देऊ नये.

दुसरी गोष्ट कायद्याविनाही होऊ शकते. राज्यातल्या प्रत्येक मोठ्या डेअरीने महिन्याला पावडर आणि बटर कोणत्या दराने विकलं आणि एकूण दुधातलं किती पिशवीत गेलं, हे दुग्धविकास विभागाने गोळा करून जाहीर करावं. आज हा आकडा व्यापाऱ्याला रोज कळतो आणि दूध घालणाऱ्याला कधीच कळत नाही. तो छापून आला की ८.७५ आणि ४.३ ने गुणून आपल्या दुधाचे किती व्हायला हवे होते, हे संस्थेच्या ओट्यावर बसून कुणालाही काढता येईल, आणि दर ठरवायच्या बैठकीत तोच कागद पुढे ठेवता येईल.